पाचवा प्रश्न शेपटीचा

कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दाराच्या मागे तीन वस्तू उभ्या असायच्या. छत्री, केरसुणी आणि काठी. छत्री आणि केरसुणी सगळ्यांची होती. काठी सासऱ्यांची होती आणि ती फक्त सापासाठी होती.

आमची सोसायटी शेतावर उठलेली. खाली पार्किंग, त्याच्या मागे बाग म्हणायची अशी जागा आणि बागेला लागून एक रिकामा प्लॉट, ज्यावर बिल्डर दर सहा महिन्यांनी खड्डा खणायचा आणि विसरून जायचा. दर खड्ड्याला दोन-चार साप आमच्याकडे यायचे. सोसायटीत साप निघाला की लोक तिसऱ्या मजल्यावर आमच्याकडे धावत येत, आणि सासरे चप्पल न घालता काठी घेऊन खाली जात. परत आले की नळाखाली काठी धुऊन दाराच्या मागे उभी करत आणि पेपर पुढे वाचत. मला ते पाहवत नसे.

मी वर्ध्याकडची. लग्न होऊन पुण्यात आले, हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगच्या कामाला लागले. लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, एवढंच काम. पण ते माझ्या स्वभावाला फार जमलं, कारण दुसऱ्याच्या चुका शोधण्यात मी लहानपणापासून हुशार. नवरा तेव्हा ऑनसाइट, म्हणजे अमेरिकेत. सहा महिन्यांसाठी म्हणून गेला होता आणि दोन वर्षं झाली होती. घरात मी आणि सासरे. रविवारी करायला काही नसे आणि मला रिकामं बसवत नाही, म्हणून मी साप पकडायला शिकवणाऱ्या एका सरांकडे जायला लागले. घरी मी साप उचलायचा आकडा आणि गोणपाटाची पिशवी घेऊन आले तेव्हा सासरे म्हणाले, "भाजीला ही पिशवी नको नेऊस."

पहिलं मोठं भांडण सासऱ्यांनी मारलेल्या एका कवड्यावरून झालं. कवड्या हा गरीब साप, पण अंगावर पांढरे पट्टे असल्याने लोक त्याला मण्यार समजतात आणि मण्यारीच्या वाटचा मार त्याला बसतो. मी तो मेलेला साप वर्तमानपत्रावर पसरला आणि बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, बोलावून दाखवलं. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे दाट होतात, याचे मानेकडे दाट आहेत. मण्यारीच्या पाठीवर मधोमध मोठे षटकोनी खवले असतात, याला नाहीत. बाबांनी चष्मा लावून सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे हा बिनविषारी."

"हो."

"मग हे त्याला सांगायला उशीर झाला. आता उचल, याच कागदावर माझं शब्दकोडं आहे."

मी त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांचं गाव लोणी काळभोर. दहा वर्षांचे असताना थोरल्या भावाजवळ जमिनीवर झोपले होते. पहाटे भाऊ म्हणाला, पोटात दुखतंय. मग म्हणाला, डोळे उघडेनात. चावल्याची खूण कुणाला दिसली नाही, सूज नाही, रक्त नाही. गाडी जुंपेपर्यंत संपलं. मण्यार अंथरुणातच होती. "मी पाय पसरून झोपलो होतो आणि तो कडेला, अंग चोरून," ते म्हणाले. "एवढाच फरक." आणि चहाची बशी उचलून आत गेले.

त्यानंतर मी त्यांच्याशी प्राणिदयेवर बोलणं बंद केलं. पण सोडलं नाही. दोन वर्षं मी चित्रं दाखवली, आमच्या सरांना घरी जेवायला बोलावलं, एक धामण जिवंत आणून त्यांच्यासमोर पिशवीतून काढली. शेवटी ते एका गोष्टीला तयार झाले. साप निघाला तर काठी उचलण्याआधी ते मला ऑफिसात फोन करतील. मी विचारीन, ते सांगतील, आणि मी म्हणेन तसं ते करतील. सरांनी फोनवरून साप ओळखण्यासाठी आम्हाला पाच प्रश्न ठरवून दिले होते. लांबी किती, जाडी किती, अंगावर काय, डोकं कसं, शेपटी कशी. सर बजावत, पाचही विचारल्याशिवाय तोंडातून नाव काढायचं नाही. मी ते एका कार्डावर लिहून एक कार्ड घरी फोनजवळ चिकटवलं आणि एक माझ्या टेबलावर. काठी पोटमाळ्यावर गेली. ती वर टाकताना बाबांनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, नक्की.

जमीन मोजणी खात्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. फोनवर ते सापाचं वर्णन असं करत की मला चित्र काढता आलं असतं. त्या वर्षी चार वेळा त्यांचा फोन आला आणि चारही साप जिवंत राहिले. मला इतका अभिमान वाटत होता की टीममध्ये मी दुसरं काही बोलत नसे.

पाचवा फोन आला तो गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी दोनला पाच मिनिटं कमी असताना. दोनला इंग्लंडच्या क्लायंटचा कॉल होता आणि माझे कागद गोळा व्हायचे होते.

"साप हाय," बाबा म्हणाले.

चाळीस वर्षं पुण्यात काढून त्यांची भाषा पुणेरी झाली होती, पण भीती वाटली की गावचं 'हाय' वर येई. मी ते ओळखून होते.

"कुठे?"

"खाली, जास्वंदीच्या कुंडीखाली. कुंडी सरकवली तर खाली वेटोळं. वीतभर, वीतभर नाही, दीड वीत. पेन्सिलीहून बारीक."

"अंगावर?"

"तपकिरी. बारीक ठिपके ओळीने."

"डोकं?"

"काळं. मागे मानेशी पिवळं काहीतरी."

टीम लीडर दारात उभा राहून घड्याळाकडे बोट दाखवत होता. माझ्या डोळ्यांसमोर साप उभा राहिला होता. "काळतोंड्या आहे, बाबा. अगदी गरीब. पाली आणि सापसुरळ्या खातो."

"नक्की?"

"नक्की. सुपलीत घेऊन कुंपणापलीकडे सोडा. हातात घेतलात तरी काही करणार नाही."

हे शेवटचं वाक्य मी का बोलले, ते मला आजही सांगता येत नाही. ते कुणी विचारलं नव्हतं. मला वाटतं, मला माझ्या यशावर कळस चढवायचा होता. ज्या माणसाने साठ वर्षं साप मारले त्याने साप हातात घ्यावा, आणि तो माझ्यामुळे.

कॉल सुरू झाला. क्लायंटची बाई एकेक मुद्दा वाचून दाखवत होती आणि मी टिक करत होते. मध्येच तिने विचारलं, यादीतली शेवटची चाचणी झाली आहे का, कारण तिच्यासमोर नोंद दिसत नव्हती. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि पेन खाली ठेवलं. मी शेपटी विचारली नव्हती.

पाचवा प्रश्न शेवटी असतो म्हणून तो कमी महत्त्वाचा वाटतो. पण आमच्याकडे एक साप असा आहे की तो शेपटीवरच ओळखायचा. पोवळा. तोही बारीक, तोही तपकिरी, त्याच्याही अंगावर ठिपक्यांच्या ओळी, डोकं काळं आणि मागे पिवळसर ठिपके. वरून पाहणाऱ्याला तो आणि काळतोंड्या सारखेच. काळतोंड्याची शेपटी लांब निमुळती होत जाते आणि तिच्यावर काही नसतं. पोवळ्याची आखूड आणि बोथट, तिच्यावर दोन काळी कडी, एक शेपटी सुरू होते तिथे आणि एक टोकाशी. डिवचला तर तो ती शेपटी वळवून वर धरतो आणि तिची निळसर खालची बाजू दाखवतो. पोट पोवळ्यासारखं लाल, म्हणून हे नाव. आणि तो नाग-मण्यारीच्या कुळातला.

त्याच्या विषाबद्दल आम्हाला फार थोडं माहीत होतं. तोंड इवलंसं, चावायला सहसा जात नाही, चावल्याच्या गोष्टी क्वचित. पण दवाखान्यात मिळतं ते औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावरचं. पोवळ्यावरचं नाही. मण्यारीच्या कुळातला साप, आणि मी तो या माणसाच्या हातात दिला होता.

मी मीटिंगमधून उठले. घरी फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. दहा वेळा लावला असेल. शेजाऱ्यांचा नंबर घरातल्या डायरीत, म्हणजे त्याच एंगेज फोनच्या शेजारी. मोबाइल तेव्हा आमच्यात फक्त टीम लीडरकडे होता आणि तो कुणाला लावायचा हा प्रश्न होताच. कंपनीची बस संध्याकाळी सहाला. टीममधल्या एका मुलीची स्कूटी मागितली. तिने किल्ली देताना विचारलं, "एव्हरीथिंग ओके?" मी किल्ली घेऊन जिन्याकडे पळाले.

बायपासवर ट्रकांच्या मधून मी ती स्कूटी कशी हाणली ते देवाला ठाऊक. मला सारखं वाटत होतं की फोन एंगेज आहे म्हणजे रिसीव्हर खाली लोंबतो आहे, आणि रिसीव्हर लोंबतो आहे म्हणजे बाबा पडले आहेत. मग वाटे, नाही, ते कुणाशी तरी बोलत असतील. पण ते फोनवर दोन मिनिटांच्या वर कुणाशी बोलत नसत. पोटात दुखायला लागलं असेल का? डोळे उघडेनात असं झालं तर ते कुणाला सांगतील? वारज्याला सिग्नलला थांबले तेव्हा मी मोठ्याने प्रश्न म्हणत होते. लांबी, जाडी, अंग, डोकं, शेपटी. शेजारच्या रिक्षावाल्याने तोंड फिरवलं.

बाबा बागेतल्या बाकावर बसले होते. एका बाजूला सोसायटीचे सेक्रेटरी आणि समोर झाडू घेऊन आमच्या आवारात झाडायला येणाऱ्या मावशी. बाबांचा उजवा हात मांडीवर उताणा होता आणि तळव्यात साप होता. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं, मुलगा अमेरिकेला निघाला तेव्हाही नाही.

"अरे, लवकर सुटलीस? बघ, थंड लागतो. मला वाटायचं, बुळबुळीत असेल."

मी शेपटी पाहिली. आखूड. बोथट. दोन कडी. टोक किंचित वळून वर आलं होतं आणि खालचा निळा रंग दिसत होता.

मला ओरडायचं होतं. पण दचकून त्यांनी हात मिटला असता. मी हळू आवाजात म्हटलं, "बाबा, हात असाच ठेवा. मला तो सरांना दाखवायचाय." मावशींना वरून रिकामी बरणी आणायला लावली, ती तळव्याला टेकवून आडवी धरली, आणि साप आपणहून आत सरकला. झाकण लावलं. मग मी बाबांचा हात दोन्ही हातांत घेऊन एकेक बोट उलटसुलट करून पाहिलं.

"काय बघतेस, आयुष्यरेषा?"

"लाल झालंय का, खाजतंय का?"

"काळतोंड्याने खाजतं?"

सेक्रेटरींनी विचारलं, "कुठला साप म्हणायचा हा?" मी बरणीकडे पाहिलं. काचेला लागून लाल पोट दिसत होतं. मग बाबांकडे पाहिलं. ते माझ्या उत्तराची वाट बघत नव्हते, कारण ते त्यांना माहीत होतं. ते सेक्रेटरींकडे बघत होते, आता ऐका अशा अर्थाने.

"काळतोंड्या," मी म्हटलं.

फोन एंगेज होता कारण बाबांनी इंटरनेट लावलं होतं. तेव्हा नेट चालू असलं की फोन बंद. वर कॉम्प्युटर तसाच सुरू होता आणि मुलाला पाठवलेली मेल पडद्यावर होती. एका बोटाने टाइप केलेली, इंग्रजी अक्षरांत मराठी. आज मी साप हातात घेतला. दादाची आठवण आली. मेल गेल्यावर ते नेट बंद न करताच, मघाशी परत ठेवलेला साप कुंडीखाली आहे का पाहायला पुन्हा खाली उतरले होते.

त्या संध्याकाळी मी त्यांना पाच वेळा पाणी प्यायला लावलं, गिळताना अडतंय का बघायला. पापण्या पाहत राहिले. त्यांना वाटलं, मी नोकरीवरून काहीतरी भानगड करून आले आहे. त्यांना काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी टेकडीवर जाऊन साप सोडला. पालापाचोळ्यात शिरताना त्याची शेपटी मला शेवटपर्यंत दिसत राहिली.

वाटलं होतं, संपलं. पण खरी तगमग तिथून सुरू झाली. बाबा रोज सकाळी बाकावर बसून लोकांना शिकवू लागले. "काळं डोकं, मानेशी पिवळं, पेन्सिलीएवढा. खुशाल उचला. आमच्या सूनबाईंनी सांगितलंय." मी ऑफिसला निघताना ते ऐकायची आणि बसमध्ये माझा पाय एका जागी ठरायचा नाही. एकदा मी म्हटलं, बाबा, हाताने नका उचलू, सापाला त्रास होतो. ते म्हणाले, "त्या दिवशी नव्हता का होत?" टेबलावरचं कार्ड मी ड्रॉवरमध्ये टाकलं. कामात मी दुसऱ्यांच्या चुका पूर्वीपेक्षा जास्त शोधू लागले आणि टीममध्ये नकोशी झाले. आणि सांगायचं मात्र रोज उद्यावर ढकलत होते. सांगितलं तर काठी खाली येईल आणि यापुढचा प्रत्येक साप मरेल, असं मी स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे मला त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

पाच आठवड्यांनी एका सकाळी मावशी जिन्यात भेटल्या. "ताई, काल म्या बी एक उचलला. त्यो बाबांचावाला, काळ्या डोक्याचा. दिला हातानं पल्याड टाकून. काय करत न्हाई."

"शेपटी कशी होती, मावशी?"

"शेपटी कोण बगतंय."

त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. बाबा बाकावरून वर आले तेव्हा चहा तयार होता. मी सगळं सांगितलं. शेपटी विचारली नाही हे, कडी दिसली हे, सेक्रेटरींसमोर खोटं बोलले हे. मावशींचंही सांगितलं. बाबा बशीत चहा ओतून तो निवेपर्यंत बसले होते, प्यायले नाहीत.

"किती वेळ होता माझ्या हातात?"

"माझ्यासमोर पाच मिनिटं. त्याआधी पंधरा-वीस असेल."

"आणि आज दिवस किती झाले?"

"पाच आठवडे."

"पाच मिनिटांचं, वीस मिनिटांचं काही नाही," ते म्हणाले. "चुकतं माणूस."

उठून त्यांनी स्टूल घेतलं, पोटमाळ्यावरून काठी काढली, पुसली आणि दाराच्या मागे उभी केली. मग चप्पल घालून पुन्हा खाली गेले. मी खिडकीतून ऐकत होते. बाकावरच्या लोकांना आणि मावशींना त्यांनी सांगितलं, "मी चुकीचं सांगत होतो. तसाच दिसणारा एक विषारी असतो. कुणी हात लावायचा नाही." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ते घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर घरात बोलणं होतं, पण कामापुरतं. दूध आलं का, बिल भरलं का. फोनजवळचं कार्ड एक दिवस गायब झालं, तिथे डिंकाचे चार डाग राहिले. माझ्या टेबलावरचा फोन दिवसभर वाजे आणि एकदाही घरचा नसे. सोसायटीत साप निघाले की नाही, निघाले तर काय झालं, हे विचारायची माझी छाती नव्हती. संध्याकाळी घरी आले की मी काठीचं खालचं टोक ओलं आहे का ते बघायची. ओलं कधी दिसलं नाही. पण तोवर ते वाळतंही.

पुढच्या पावसाळ्यात, दुपारची वेळ, फोन वाजला.

"साप आहे," बाबा म्हणाले.

मी उठून उभी राहिले. "कुठे आहे? काठी कुठे आहे?"

"त्याच्या शेजारी जमिनीवर आडवी ठेवली आहे. मी तिच्यावर इंचाच्या खुणा केल्यात. फोन जिन्याखाली वॉचमनच्या खोलीतला आहे, यंदाच बसवलाय, दारातून मला साप दिसतोय. कार्ड काठीलाच बांधलंय. आधी शेपटी सांगतो."

"सांगा."

"लांब. निमुळती. कडी नाहीत. मी दोन्ही बाजूंनी जाऊन बघितलं. वळवून वर केली नाही. डोकं काळं, मानेला पिवळा पट्टा, तेरा इंच. हात लावलेला नाही."

सगळं जुळत होतं. पाचही उत्तरं आली होती आणि पाचही काळतोंड्याची होती. नाव अगदी ओठांवर आलं.

"काळतोंड्या वाटतो," मी म्हटलं.

"नक्की?"

टीम लीडर पुन्हा दारात उभा होता. मी त्याच्याकडे पाठ केली.

"नाही, बाबा. फोनवरून नक्की सांगता येत नाही."

पलीकडे वॉचमनने कुणाला तरी बागेकडे जाऊ नका म्हणून सांगितलेलं ऐकू आलं.

"मग ये," बाबा म्हणाले. "तोवर मी त्याच्यापाशी बसतो."